डीफायवर व्यवहार 'पेंडिंग'मध्येच अडकला तर: पैसे आहेत कुठे ते शोधणं आणि रांग मोकळी करणं

डीफायमध्ये, म्हणजे मध्ये बँक किंवा एक्सचेंज न ठेवता होणाऱ्या क्रिप्टो व्यवहारांत, अडकल्याचं लक्षण सगळ्यांचं सारखंच असतं. स्वॅपचं, म्हणजे एक टोकन (क्रिप्टो नाणं) देऊन दुसरं घेण्याचं, बटण दाबलं, वॉलेटमध्ये (क्रिप्टो सांभाळणाऱ्या ॲपमध्ये) 'कन्फर्म' केलं, गोल चक्र फिरायला लागलं आणि ते फिरतच राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. आपले टोकन गेल्यासारखे दिसतात आणि बदल्यात काही आलेलं नसतं. मग माणूस पान रिफ्रेश करतो, तेच बटण पुन्हा दाबतो, आणि साधी अडचण तिथून मोठी व्हायला लागते.

मी उदगीरला हिशोबाची आणि कर-विवरणपत्रांची कामं करतो. क्रिप्टोत स्वतः थोडेफार व्यवहार करतो म्हणून आसपासचे लोक अडकले की फोन करतात. लातूर, अहमदपूर, नांदेडकडून आलेल्या अशा फोनांमध्ये तीन-चार प्रकारच पुन्हा पुन्हा दिसतात. त्यामुळे एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी माझ्यावर काय गुजरलं ते सांगतो, कारण पुढची निम्मी समज त्यातूनच आली. स्वॅप, ब्रिज (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेणं), लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावालाच सौदा), उधारी, लिव्हरेज (उसन्या पैशावर मोठा सौदा) असं सगळं एकाच पडद्यावर देणारा एक विकेंद्रित प्लॅटफॉर्म मी वापरत होतो. संध्याकाळची वेळ, लाइट गेलेली, वायफाय बंद, मोबाइलचा डेटा एकाच काडीवर. माझ्याकडे इथेरियमच्या मुख्य नेटवर्कवर १,५०० यूएसडीसी (डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन) होते. त्यातले ५०० इथरमध्ये, म्हणजे इथेरियमच्या मूळ नाण्यात, बदलायचे होते. गॅस, म्हणजे नेटवर्कची फी, महाग दिसला म्हणून वॉलेटमध्ये हाताने कमाल दर कमी टाकला आणि कन्फर्म केलं. चक्र फिरत राहिलं. पाच मिनिटांनी वाटलं, नेटमुळे गेलंच नसेल. पुन्हा ५०० टाकले, या वेळी दर वाढवून. तरी हललं नाही. आणखी एकदा केलं. वीसेक मिनिटांनी नेटवर्कवरची गर्दी ओसरली आणि तिन्ही व्यवहार एकामागून एक आत गेले. पहिले दोन पूर्ण झाले. तिसरा तोवर भाव सरकल्यामुळे फेल झाला, पण गॅस तिन्हींचा कापला गेला. बदलायचे होते ५००, बदलले १,०००.

त्या रात्री मी प्लॅटफॉर्मला दोष देत बसलो होतो. एका बाबतीत तो दोष आजही कायम आहे. या सगळ्या सोयी पडद्यावर एकत्र दिसतात, पण मागे त्या वेगवेगळ्या कामांनी बनलेल्या असतात. प्लॅटफॉर्मला आपले टोकन हलवायची परवानगी देणं हा एक व्यवहार, अदलाबदल हा दुसरा, एका चेनवरून (नेटवर्कवरून) दुसऱ्या चेनवर नेणं हा तिसरा, आणि कधी पलीकडे जाऊन 'क्लेम' करणं, म्हणजे पोचलेले पैसे ताब्यात घेणं, हा चौथा. यातलं कुठलंही काम थांबलं तरी पडदा एकच शब्द दाखवतो: प्रोसेसिंग. त्यामुळे 'का अडकलं' हे विचारण्याआधी 'कुठल्या टप्प्यावर अडकलं' हे शोधावं लागतं. तेवढं कळलं की बहुतेक वेळा उपाय समोरच असतो.

सगळ्यात आधी: थांबा, आणि हॅश शोधा

अडकल्यावर पुन्हा बटण दाबू नका. वॉलेटच्या 'ॲक्टिव्हिटी'मध्ये जा, तो व्यवहार उघडा आणि त्याचा हॅश कॉपी करा. शून्य आणि एक्सने सुरू होणारी ती लांबलचक ओळ म्हणजे आपली काटापट्टी. कारखान्यावर उसाचं वजन किती भरलं याचा वाद झाला तर आपण गाडीवानाचं तोंड बघत नाही, काटापट्टी बघतो. इथेही तसंच. प्लॅटफॉर्मचा पडदा काय म्हणतो याला फार किंमत देऊ नका. तो बहुतेकदा मधल्या एखाद्या सर्व्हरकडून माहिती घेऊन दाखवतो आणि तो सर्व्हर मागे पडलेला असू शकतो.

हॅश घेऊन त्या त्या नेटवर्कच्या एक्सप्लोररवर, म्हणजे तिथले सगळे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, जा. इथेरियमसाठी इथरस्कॅन, आर्बिट्रमसाठी आर्बिस्कॅन, बेससाठी बेसस्कॅन, पॉलिगॉनसाठी पॉलिगॉनस्कॅन. हे सगळे उघडे आहेत. लॉगिन लागत नाही, वॉलेट जोडावं लागत नाही. शोधायच्या चौकटीत हॅश टाकला की चारपैकी एक उत्तर मिळतं: सापडला नाही, पेंडिंग आहे, फेल झाला, किंवा यशस्वी झाला. चारही उत्तरांचे रस्ते वेगळे आहेत.

पेंडिंग आहे असं आलं तर

सर्वात जास्त लोक इथे अडकतात आणि सर्वात जास्त नुकसानही इथेच होतं, म्हणून यावर जरा थांबतो.

इथेरियमवर आणि तशा बनावटीच्या सगळ्या नेटवर्कवर तुमच्या प्रत्येक खात्याच्या व्यवहारांना अनुक्रमांक असतो. त्याला नॉन्स म्हणतात. पहिला व्यवहार शून्य नंबरचा, पुढचा एकचा, असं चालत राहतं. नेटवर्क हे नंबर काटेकोर क्रमाने घेतं. ४१ नंबर झाल्याशिवाय ४२ घेतला जात नाही, मग ४२ ला तुम्ही कितीही गॅस द्या. काट्यापुढे रस्ता एकेरी आहे आणि पहिलाच ट्रॅक्टर बंद पडलाय, तर मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी तो पुढे जात नाही. माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नाला जास्त दर देऊनही काही हललं नव्हतं, त्याचं कारण हेच. मला वाटत होतं मी तोच व्यवहार पुन्हा करतोय. प्रत्यक्षात मी त्याच रांगेत मागे आणखी दोन ट्रॅक्टर उभे केले होते.

आता पहिला ट्रॅक्टर बंद का पडतो? ५ ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडनंतर इथेरियमवर प्रत्येक ब्लॉकचा (व्यवहारांच्या गठ्ठ्याचा) एक मूळ दर ठरतो. ती रक्कम जाळली जाते, कुणाच्या खिशात जात नाही. त्यावर व्हॅलिडेटरसाठी (व्यवहार ब्लॉकमध्ये घेणाऱ्यासाठी) थोडी टिप द्यावी लागते. ब्लॉक गच्च भरला तर पुढच्या ब्लॉकचा मूळ दर जास्तीत जास्त १२.५ टक्क्यांनी वाढतो, रिकामा गेला तर तेवढाच उतरू शकतो. ब्लॉकची जागा दर १२ सेकंदांनी येते. म्हणजे सलग १० ब्लॉक गच्च भरले तर दोन मिनिटांत दर तिपटीच्या वर जातो. तुम्ही कन्फर्म करताना ठेवलेली कमाल मर्यादा त्या दराच्या खाली राहिली, की व्यवहार बाहेर ताटकळत राहतो. तो रद्द झालेला नसतो. दर उतरला की कधीही आत जाऊ शकतो, आणि धोका यातच आहे.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही त्याच नंबरवर करायचे असतात. वॉलेटमध्ये त्या पेंडिंग व्यवहाराखाली 'स्पीड अप' आणि 'कॅन्सल' अशी बटणं दिसतात. स्पीड अप म्हणजे तोच व्यवहार, त्याच नॉन्सने, वाढीव दराने पुन्हा पाठवणं. कॅन्सल म्हणजे त्याच नॉन्सने स्वतःच्याच पत्त्यावर शून्य रक्कम पाठवणं. ती आधी आत गेली की जुन्या व्यवहाराला जागाच उरत नाही. दोन्ही वेळा जुन्यापेक्षा किमान १० टक्के जास्त दर द्यावा लागतो. तोही दोन्ही आकड्यांत: कमाल दरात आणि टिपेतही. एकच आकडा वाढवला तर नोड (नेटवर्कचा संगणक) 'दर अपुरा' म्हणून परत पाठवतो. या परत पाठवण्यामुळे कितीतरी लोक 'कॅन्सलसुद्धा होत नाही' म्हणून घाबरतात. दोन्ही आकडे वाढवा, होतं.

कॅन्सलचा खर्च फार नसतो. साध्या हस्तांतराला २१,००० युनिट गॅस लागतो. दर २० ग्वेई (ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग) असेल तर ४,२०,००० ग्वेई, म्हणजे ०.०००४२ इथर. पण हे इथर वॉलेटमध्ये शिल्लक असायला हवं. यूएसडीसी हजारांनी असले तरी गॅस त्यातून जात नाही, गॅस त्या नेटवर्कच्या मूळ नाण्यातच लागतो. सगळं इथर स्वॅपमध्ये ओतून टाकणारे लोक इथे येऊन हात बांधल्यासारखे उभे राहतात. माझा नियम साधा आहे: चार-पाच कॅन्सल होतील एवढं इथर कधीच हलवायचं नाही.

तीन-चार व्यवहार रांगेत असतील तर सुरुवात सर्वात लहान नॉन्सपासून करा. मधलाच कॅन्सल करून उपयोग नाही. नॉन्स एक्सप्लोररवर व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. मेटामास्कसारख्या वॉलेटमध्ये हाताने नॉन्स टाकायची सोय असते. पडद्यावरून बटणं गायब झालेली असतील तर तिचा उपयोग होतो.

एक गोष्ट इथेच सांगतो. 'क्लिअर ॲक्टिव्हिटी' करा, अकाउंट रिसेट करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने फक्त तुमच्या फोनमधली यादी पुसली जाते. नेटवर्कवरचा व्यवहार तसाच राहतो. वॉलेटला स्वतःच्याच नंबरांचा घोळ झाला असेल, म्हणजे एक्सप्लोरर म्हणतो ४१ झालाय आणि वॉलेट अजून ४१ च पाठवतंय, तेव्हा हा उपाय योग्य आहे. व्यवहार खरोखर पेंडिंग असताना यादी पुसली तर पुराव्याची चिठ्ठी हरवते, काम काही होत नाही. आधी हॅश लिहून ठेवा, मगच हात लावा.

सापडलाच नाही असं आलं तर

आधी नेटवर्क बरोबर आहे का बघा. बेसवरचा हॅश इथरस्कॅनवर शोधला तर मिळणार नाही. सगळं एकत्र देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर ही चूक सहज होते, कारण नेटवर्क कुठलं हे कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हावरूनच कळतं. वॉलेटमध्ये चेन आयडी बघता येतो: इथेरियम १, ऑप्टिमिझम १०, बीएनबी चेन ५६, पॉलिगॉन १३७, बेस ८४५३, आर्बिट्रम वन ४२१६१. नावं फसवी असू शकतात, हे आकडे ठरलेले आहेत.

नेटवर्क बरोबर असेल तर व्यवहार वॉलेटमधून बाहेर पडलाच नसावा. सही झाली, पण पुढे नेणारा आरपीसी नोड गप्प बसला. आपल्याकडे लाइट जाऊन तास-दीड तास झाला की मोबाइलची रेंजही डळमळते, त्यात हे फार होतं. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस यांच्यासारख्या नेटवर्कवर तर व्यवहार एका सिक्वेन्सरकडे (व्यवहारांचा क्रम लावणाऱ्या संगणकाकडे) जातात, उघडी प्रतीक्षायादी नसते. म्हणून तिथे 'पेंडिंग' दिसलं तर पहिला संशय कमी गॅसचा नको, आरपीसीचा घ्या. वॉलेटच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या अधिकृत कागदपत्रांत दिलेला दुसरा आरपीसी पत्ता टाका. टाकताना चेन आयडी जुळतो का ते बघा.

तिसरी शक्यता अलीकडे वाढली आहे आणि अनेकांना ती माहीतच नसते. काही प्लॅटफॉर्म तुमच्याकडून गॅस घेत नाहीत. तुम्ही फक्त ऑर्डरवर सही करता, आणि बाहेरचे लोक आपापसात स्पर्धा करून, स्वतःचा गॅस भरून ती पूर्ण करतात. कौस्वॅप, युनिस्वॅपएक्स या पद्धतीने चालतात. एकत्रित प्लॅटफॉर्म पडद्यामागे यातलाच एखादा रस्ता निवडतो. अशा ऑर्डरला पूर्ण होईपर्यंत हॅशच नसतो. भाव तुमच्या अटीत बसला नाही तर मुदत संपून ती आपोआप मावळते आणि तुमचे टोकन तुमच्याच वॉलेटमध्ये राहतात. इथे घाबरून दुसरी ऑर्डर टाकू नका. 'ओपन ऑर्डर्स'मध्ये जाऊन पहिली रद्द करा किंवा मुदत संपू द्या. आपण सही केली ती पैसे हलवणाऱ्या व्यवहारावर की नुसत्या संदेशावर, हे वॉलेटच्या खिडकीत कळतं. संदेश असेल तर गॅसचा आकडाच दिसत नाही.

फेल झाला असं आलं तर

मनाला सर्वात जास्त लागतं ते हेच, कारण काम झालेलं नसतं आणि गॅस गेलेला असतो. व्हॅलिडेटरने तुमचं काम करायला घेतलं, मध्ये एक अट मोडली, सगळं जसं होतं तसं परत ठेवलं. तिथपर्यंतची मजुरी मात्र द्यावी लागते. तुमचे टोकन गेलेले नसतात, हे आधी एक्सप्लोररवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग पुढे जा.

अट बहुतेक वेळा स्लिपेजची, म्हणजे दाखवलेल्या भावापासून किती सरकणं चालेल याची, असते. याचं गणित एकदा हाताने केलं की भीती जाते. समजा, एका पूलमध्ये (दोन टोकनच्या सामायिक साठ्यात) १० इथर आणि ३०,००० यूएसडीसी आहेत. म्हणजे भाव ३,००० चा दिसतो. युनिस्वॅपने २०१८ मध्ये रूढ केलेली पद्धत अशी की दोन्ही साठ्यांचा गुणाकार कायम ठेवायचा. इथे तो ३ लाख. तुम्ही ३,००० यूएसडीसी आत टाकले, साठा ३३,००० झाला. ३ लाखांना ३३ हजारांनी भागलं की ९.०९ इथर आत उरायला हवेत. तुम्हाला मिळाले ०.९१. फी धरलीच नाही तरी जवळजवळ ९ टक्क्यांचा फटका, कारण पूल उथळ आणि तुमची ऑर्डर त्याच्या मानाने मोठी. हाच भाव-परिणाम. त्यात तुमच्या आधी आणखी कुणाची ऑर्डर घुसली की भाव अजून सरकतो. तुमची स्लिपेजची मर्यादा ०.५ टक्के असेल आणि सरकणं त्याच्या वर गेलं तर व्यवहार मोडतो.

यावर 'स्लिपेज ५ टक्के करा, १० करा, जातं मग' असा सल्ला मिळतो. जातं, हे खरं. पण इथेरियमवर तुमची प्रतीक्षायादीतली ऑर्डर सगळ्यांना दिसत असते. मोठी मर्यादा दिसली की एखादा बॉट (आपोआप सौदे करणारा प्रोग्राम) तुमच्या आधी खरेदी करून भाव चढवतो, तुम्हाला चढ्या भावात घेऊ देतो आणि लगेच मागून विकून मोकळा होतो. तुमची ५ टक्क्यांची सूट त्याच्या घरी जाते. सोयाबीन काढायच्या आधीच आपली निकड व्यापाऱ्याला कळली की भाव कसा पडतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. माझं मत ठाम आहे: मोठ्या टोकनच्या जोड्यांवर ०.५ टक्के ठेवा, फार तर १. त्यात बसत नसेल तर ऑर्डरचे तुकडे करा, जास्त खोल पूल निवडा किंवा गर्दी उतरेपर्यंत थांबा. अनोळखी टोकन १०-१५ टक्के स्लिपेजशिवाय जातच नसेल, तर बहुधा त्या टोकनमध्येच प्रत्येक हस्तांतरावर कपात लिहिलेली असते. त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरं कारण मुदत. बहुतेक ठिकाणी स्वॅपला साधारण २०-३० मिनिटांची मुदत जोडलेली असते. व्यवहार त्याहून जास्त वेळ बाहेर ताटकळला आणि मग आत गेला तर तो फेलच होतो आणि गॅस जातो. म्हणून अर्धा तास उलटलेला स्वॅप स्पीड अप करण्यात अर्थ नाही. तो कॅन्सल करा आणि नवीन भावाने नव्याने टाका.

तिसरं कारण परवानगीचं. अहमदपूरच्या एका गुरुजींचा फोन आला होता. युएसडीटीचा (हेही डॉलरला बांधलेलं टोकन) स्वॅप चार दिवस रोज फेल होत होता. स्लिपेज वाढवून झालं, फोन बदलून झाला. "सर, माझंच काही चुकूलालंय का?" असं ते फार संकोचाने विचारत होते. चूक त्यांची नव्हतीच. इथेरियमवरच्या युएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (टोकन चालवणाऱ्या कोडमध्ये) एक जुनी अट आहे: आधी दिलेली परवानगी शून्यावर आणल्याशिवाय तिचा आकडा बदलता येत नाही. गुरुजींनी आधी कधीतरी २०० ची परवानगी दिली होती, त्यातले थोडे वापरायचे राहिले होते, आणि प्लॅटफॉर्म थेट ५०० मागत होता. मी सांगितलं, "गुरुजी, तुम्ही आधी परवानगी शून्य करा, ती पक्की होऊ द्या, मग नवी द्या." इथरस्कॅनवर टोकन अप्रूव्हल तपासायचं पान आहे, तिथून जुनी परवानगी काढली. नंतरचा स्वॅप पहिल्या फटक्यात गेला. चार दिवसांचा गॅस मात्र गेला तो गेलाच. एवढी साधी गोष्ट प्लॅटफॉर्मने पडद्यावर एका ओळीत सांगायला हवी होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

यशस्वी दिसतंय, पण पैसे दिसत नाहीत

आधी एक्सप्लोररवर आपला पत्ता टाकून टोकनची शिल्लक बघा. तिथे असेल तर पैसे सुरक्षित आहेत, फक्त वॉलेट दाखवत नाही. टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता टाकून ते यादीत घ्यावं लागतं. हा पत्ता ज्याने टोकन काढलं त्याच्याच अधिकृत पानावरून घ्या, नुसतं नाव शोधून कधीच नको. एकाच नावाचे दहा नकली टोकन असतात.

खऱ्यातही जुळी भावंडं असतात. आर्बिट्रमवर जून २०२३ पासून सर्कल कंपनीचा स्वतःचा यूएसडीसी आहे. त्याआधी ब्रिजवरून आलेला 'यूएसडीसी डॉट ई' वेगळा, त्याचा कॉन्ट्रॅक्ट वेगळा. तुम्ही एकाची वाट बघत असता आणि मिळालेला असतो दुसरा. दोन्ही खरे, पण दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बदलून घ्यावे लागतात.

लिव्हरेजवाल्या भागात डिपॉझिट केलेले पैसेही वॉलेटमध्ये दिसत नाहीत. ते ट्रेडिंग खात्यात गेलेले असतात, 'विड्रॉ' केल्यावरच वॉलेटमध्ये परततात.

आणि ब्रिज. नांदेडला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने एकदा रात्री साडेदहाला फोन केला. "मामा, आर्बिट्रमवरून कटले, इकडं आलेच नाईत. दहा दिवस झाले, चक्र फिरूलालंय नुसतं." मी म्हटलं, "थांब, काहीच दाबू नको. आधी हॅश पाठव." व्यवहार यशस्वी होता. मग रस्ता कुठला निवडला ते बघितलं. प्लॅटफॉर्मने दोन रस्ते दिले होते: एक बाहेरच्या तरलतेवर (इतरांनी ठेवलेल्या पैशांवर) चालणारा, काही मिनिटांत पोचवणारा, दुसरा नेटवर्कचा स्वतःचा, स्वस्त. त्याने स्वस्त बघून दुसरा निवडला. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस ही आशावादी पद्धतीची नेटवर्क आहेत. तिथे व्यवहार खरा धरून चालतात आणि कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी मुदत ठेवतात. म्हणून मूळ ब्रिजने इथेरियमवर यायला साधारण ७ दिवस लागतात. आणि ७ दिवसांनी पैसे आपोआप येत नाहीत. इथेरियमवर जाऊन 'क्लेम'चा व्यवहार स्वतः करावा लागतो, त्याचा गॅस इथेरियमवरच्या इथरमध्ये. भाच्याकडे तिथे इथर शून्य. दहा दिवस तो एका बटणासाठी थांबला होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. मी थोडं इथर पाठवलं, त्याने क्लेम केलं, पैसे आले.

ब्रिज करण्याआधी म्हणूनच पलीकडच्या चेनवर गॅसपुरतं मूळ नाणं आहे का ते बघायचं. वेगळ्या टोकनचे हजार रुपये तिथे पोचले आणि गॅसचं नाणं नसेल तर ते जागचे हलवता येत नाहीत.

मदत मागताना

यातलं काहीही झालं की माणूस घाईघाईने कुठल्या तरी ग्रुपमध्ये विचारतो. पाच मिनिटांत 'सपोर्ट'च्या नावाने कुणीतरी खासगी मेसेज करतो, वॉलेट 'सिंक' करायची लिंक देतो आणि १२ शब्द मागतो. वॉलेट बनवताना मिळालेले ते १२ किंवा २४ गुप्त शब्द म्हणजे अख्खं खातं. व्यवहार अडकण्याचं कुठलंही कारण त्या शब्दांनी सुटत नाही, वरच्या एकाही उपायात ते लागले नाहीत. कुणी मागितले की बोलणं तिथेच थांबवा. दिलेच असतील तर उरलेले पैसे लगेच नव्या शब्दांच्या नव्या वॉलेटमध्ये हलवा, १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. उशीर झाला म्हणून लाजू नका, तक्रार करा. माझ्याकडे आलेल्यांपैकी दोघांनी लाजेपोटी आठवडा घालवला, तेवढ्यात पैसे चार पत्त्यांवरून पुढे गेले होते.

विचारायचंच असेल तर हॅश द्या, नेटवर्क सांगा, एक्सप्लोरर काय म्हणतो ते सांगा आणि कुठल्या बटणावर अडकलात ते सांगा. हॅश दिल्याने कुणी पैसे काढू शकत नाही. फक्त त्या खात्याचा सगळा व्यवहार समोरच्याला दिसतो, एवढं लक्षात ठेवून द्या.

हिशोबाची बाजू

ही माझ्या रोजच्या कामातली गोष्ट म्हणून थोडक्यात. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्यात खरेदी किमतीशिवाय दुसरा कुठलाच खर्च वजा होत नाही, आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. एक नाणं देऊन दुसरं घेणं हेही विकणंच धरलं जातं. म्हणजे घाबरून तीनदा दाबलेलं बटण हे तीन वेगळे हिशोब होऊ शकतात, आणि फेल व्यवहारांचा गॅस कशातच वजा धरता येत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसचीही तरतूद आहे. एक्सप्लोररवरून आपल्या पत्त्याची व्यवहारांची फाइल महिन्याला उतरवून ठेवा. मार्चमध्ये आठवणीवर बसून ती जुळवणं फार जिकिरीचं होतं.

आता मी स्वतः काय करतो तेवढं सांगतो. कुठलाही नवा रस्ता पहिल्यांदा १०-२० यूएसडीसीने करून बघतो. कन्फर्म केल्यावर फोन बाजूला ठेवतो आणि लॅपटॉपवर एक्सप्लोरर उघडतो. महिन्याच्या शेवटी जुन्या परवानग्या तपासून नको त्या काढतो. त्यालाही गॅस लागतो, म्हणून दर उतरलेला असेल अशी पहाटेची वेळ बघतो. भाचाही आता हॅश घेऊनच फोन करतो. परवा आला होता, लिमिट ऑर्डर दोन दिवस उघडी दिसत होती. तीही सहीची ऑर्डर होती, भाव त्याच्या अटीला पोचलाच नव्हता. रद्द केली, आणि टोकन होते तिथेच, त्याच्याच वॉलेटमध्ये निघाले.